कागद कुणाच्या हातून आला, ते आधी विचार

चि. ...स,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची पुस्तकांची यादी मिळाली. फिलिपिन्सचा इतिहास घ्यायचा ठरवलंस याचा मनापासून आनंद झाला. आग्नेय आशिया म्हटलं की आपल्याकडे अंकोर आणि बोरोबुदुरच्या पुढे कुणी जात नाही. पण यादीत त्या काळात, त्या घटनांच्या जवळ बसून लिहिलेलं एकही पुस्तक दिसलं नाही. सगळे नंतरचे इतिहासकार. ते वाचायचेच आहेत, पण त्यांच्या तळटिपा जिथं नेतात तिथवर जायची तयारी आहे का, हे आत्ताच ठरव. दुसऱ्याच्या निष्कर्षांची एकदा सवय लागली की मूळ कागद हातात आला तरी आपण त्यात तेच निष्कर्ष शोधत बसतो. तिकडं फिलिपिन्समध्ये २०१८ पासून कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येकाला, मग तो इंजिनिअरिंगचा असो की नर्सिंगचा, मूळ साधनांतून देशाचा इतिहास वाचण्याचा एक विषय सक्तीचा आहे. त्या पोरांना जे जमतं ते तुला न जमायला काय झालं?

आपण मराठी इतिहासावर वाढलेले. बखर कोणती आणि अस्सल कागद कोणता, हे आपल्याला सांगावं लागत नाही. पण अस्सल कागदाच्या भक्तीतही एक खड्डा असतो, आणि फिलिपिन्सइतका तो खोल मी दुसरीकडं पाहिलेला नाही. ‘कलान्तियावची संहिता’ तुला जुन्या पुस्तकांत हमखास भेटेल. पनाय बेटावरच्या कलान्तियाव नावाच्या दातूनं, म्हणजे तिथल्या सरदारानं, १४३३ साली केलेले म्हणे हे कायदे. शिक्षा एकेक अशी, की कुणाला मुंग्यांच्या तोंडी द्यायचं, कुणाला मगरींपुढं टाकायचं. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी हे शाळेत पाठ केलं. नौदलाच्या एका जहाजाला कलान्तियावचं नाव दिलं गेलं, आणि १९७१ मध्ये न्यायदानातल्या कामगिरीसाठी त्याच्या नावानं सरकारी सन्मानही सुरू झाला.

हे सगळं उभं होतं ते होसे मार्को नावाच्या नीग्रोस बेटावरच्या एका गृहस्थाच्या कागदांवर. त्यानं ते १९१४ मध्ये मनिलातल्या फिलिपिन लायब्ररीला दिले. ग्रंथालयाचा प्रमुख होता जेम्स रॉबर्टसन, नाव लक्षात ठेव, पुढं पुन्हा येईल. त्यानं ते खरे मानले आणि १९१७ मध्ये संहितेचं इंग्रजी भाषांतर छापलं. त्यापुढं जो तो रॉबर्टसनचा हवाला देत गेला.

१९६८ मध्ये विल्यम हेन्री स्कॉट या अमेरिकन अभ्यासकानं मनिलाच्या सान्तो तोमास विद्यापीठात प्रबंध सादर केला. त्याचा प्रश्न अगदी साधा होता: मार्कोच्या आधी या संहितेचा उल्लेख कुणी केलाय का? स्पॅनिश पाद्र्यांनी, अधिकाऱ्यांनी, प्रवाशांनी साडेतीनशे वर्षांत ढीगभर लिहून ठेवलं, त्यात कुठं कलान्तियाव आहे का? कुठंही नव्हता. मग त्यानं कागदच तपासले. ज्या पाव्होन नावाच्या धर्मगुरूच्या हस्तलिखितातून ही संहिता आली असं सांगितलं जात होतं, तो १८३८ मध्ये स्पेनच्या राजाला दीर्घायुष्य मिळो म्हणून प्रार्थना करायला सांगतो. पण १८३३ मध्ये राजा फर्नांडो वारला होता आणि गादीवर होती त्याची लहानगी मुलगी इसाबेल! प्रबंध मान्य झाला, तरी सरकारी इतिहास संस्थेनं ती संहिता बनावट असल्याचं जाहीर करायला २००४ साल उजाडलं. लोकांना कलान्तियाव हवा होता. स्पॅनिश येण्याआधी आमचाही कायदा होता, असं म्हणायला हातात काहीतरी लागतंच ना. ती भूक खोटी नव्हती, आणि म्हणूनच खोटा कागद खपला. आपल्याकडेही अशी भूक कमी नाही, ते जाऊ दे.

म्हणून कागदात काय लिहिलंय हा प्रश्न दुसरा. तो कुठून निघाला, कुणाकुणाच्या हातून फिरला आणि मुळात कुणाला दाखवायला लिहिला, हे पहिलं.

याच कसोटीला उतरलेला एक पत्राही आहे. १९८९ च्या सुमारास मनिलाच्या आग्नेयेला, लागुना प्रांतात, लुम्बांग नदीच्या मुखापाशी रेती उपसताना एक ताम्रपट मिळाला. पुराणवस्तूंच्या बाजारातून फिरून तो राष्ट्रीय संग्रहालयात आला, म्हणजे याचीही वंशावळ काही फार स्वच्छ नव्हती. मिंदोरो बेटावर राहणारे डच अभ्यासक आंतून पोस्तमा यांनी तो वाचला. लिपी जावाकडची कावी, भाषा जुनी मलय आणि तिच्यात संस्कृत शब्दांची दाटी. सुरुवातीची तारीख तुला भाषांतराशिवाय कळेल: शक ८२२, वैशाख, कृष्णपक्ष, चतुर्थी, सोमवार. म्हणजे २१ एप्रिल ९००. वार, तिथी, महिना गणिताशी जुळतात, आणि लिपीचं वळणही त्याच काळातलं आहे. बनावट करणाऱ्याला हे सगळं एकदम साधणं महाकठीण, म्हणून अभ्यासकांनी तो स्वीकारला.

त्यात आहे काय, तर नाम्वरान नावाच्या माणसाचं एक कती आणि आठ सुवर्ण (ही सोन्याच्या वजनाची मापं) एवढं कर्ज माफ झाल्याचा दाखला. तो त्याच्या वारसांना दिलाय, पुढं कुणी तगादा लावला तर दाखवायला, आणि मजकूर शेवटी वाक्याच्या मध्येच तुटतो. शके आणि वैशाख पाहून तुला लगेच ‘बृहत्तर भारत’ दिसायला लागेल. मोह आवर. कर्जमुक्तीच्या एका दाखल्यावर साम्राज्य उभं राहत नाही. त्यातून एवढंच निघतं की दहाव्या शतकाच्या उंबरठ्यावर लुझोन बेटावर सोन्यात हिशेब होत होता, अधिकाऱ्यांची उतरंड होती आणि जावा-मलयाकडच्या लिखापढीशी तिथल्या लोकांचा संबंध होता. ते काय कमी आहे?

आता पिगाफेत्ता. स्पेनच्या राजासाठी सफरीवर निघालेल्या मॅगेलनच्या जहाजावरचा हा इटालियन गृहस्थ २७ एप्रिल १५२१ ला मक्तान बेटावरच्या लढाईत स्वतः होता, जखमीही झाला. त्याचं मूळ हस्तलिखित हरवलंय. आपल्यापुढं आहेत त्या नकला: मिलानमधली एक इटालियन आणि तीन फ्रेंच. तो लिहितो, पाण्यात उतरलेले आम्ही एकोणपन्नास, समोर दीड हजारांहून जास्त. बाण अंगावर येत असताना दीड हजार डोकी कुणी मोजली, हे विचारायला कचरू नकोस. शिवाय मॅगेलन त्याचा देव होता. त्याच्या मरणाचं वर्णन करताना त्यानं धन्याचं जे कौतुक केलंय ते वाचताना तुझाही गळा दाटेल, आणि नेमकं तिथंच सावध राहायचं. उलट, जगाला फेरी पूर्ण करून जहाज स्पेनला परत आणणाऱ्या एल्कानोचं नावही त्यानं सबंध वृत्तांतात घेतलेलं नाही. हे गप्प बसणंही वाचता आलं पाहिजे. आणि मक्तानचा सरदार लापुलापू यानं स्वतःच्या हातानं मॅगेलनला मारलं, असं जे चित्रांतून, नाटकांतून दिसतं, ते पिगाफेत्तानं कुठंही लिहिलेलं नाही. त्याच्या म्हणण्यानुसार पुष्कळ जण मिळून तुटून पडले. लापुलापूच्या बाजूनं लिहिलेली एक ओळही आपल्याकडे नाही. हे भान सतत ठेव, पण ती रिकामी जागा कल्पनेनं भरू नकोस.

मोर्गाचं पुस्तक मात्र रिसालच्या, म्हणजे फिलिपिन्सच्या राष्ट्रपुरुषाच्या, टिपांसकटच वाच. आंतोनियो दे मोर्गा मनिलात मोठा अधिकारी होता. त्याचा फिलिपिन्सवरचा ग्रंथ १६०९ मध्ये मेक्सिकोत छापला गेला. होसे रिसाल लंडनला असताना ब्रिटिश म्युझियममध्ये बसून त्यानं तो हातानं उतरवून काढला आणि १८९० मध्ये पॅरिसहून टिपांसह प्रसिद्ध केला. वर मोर्गा, खाली रिसाल, अशी एकाच पानावर दोन काळांची झटापट चालते. स्पॅनिश येण्याआधी आमच्याकडे व्यापार होता, जहाजबांधणी होती, ती कुठं गेली, हे रिसाल मोर्गाच्याच तोंडून वदवून घेतो. कुठं कुठं ताणतोही. त्याचा मित्र ब्लुमेनट्रिट यानं त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याला सुनावलंय की जुन्या लोकांना आजच्या मापानं मोजू नये, आणि रिसालनं ती प्रस्तावना तशीच छापली! १६०९ बद्दल आणि १८९० बद्दल एकदम सांगणारं दुसरं साधन मला माहीत नाही. मोर्गाला तपासायला आणखी एक जागा आहे. १४ डिसेंबर १६०० ला डच व्हान नूर्टशी झालेल्या लढाईत मोर्गाचं ‘सान दिएगो’ जहाज बुडालं. मोर्गानं आपली बाजू लिहिली, डचांनी आपली, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते जहाजच समुद्राच्या तळाशी सापडलं. तिघांना समोरासमोर बसव.

कातिपुनानच्या, म्हणजे स्पेनविरुद्धच्या गुप्त क्रांतिकारी संघटनेच्या, उठावाची पहिली आरोळी कुठं आणि कधी झाली, हा वाद तुला लवकरच गाठेल. त्यात फार दिवस घालवू नकोस, पण पियो व्हालेन्सुएला या एकाच माणसानं १८९६ च्या स्पॅनिश चौकशीत बालिंतावाक सांगितलं आणि पुढं आठवणी लिहिताना पुगाद लाविन, एवढं बघून ठेव. साक्षीदार तोच, ऐकणारा बदलला.

हे सगळं मिळणार कुठं? ब्लेअर आणि रॉबर्टसन यांचे १९०३ ते १९०९ मध्ये निघालेले, मूळ कागदांच्या इंग्रजी भाषांतरांचे ५५ खंड इंटरनेटवर फुकट आहेत. हो, तोच रॉबर्टसन. एवढं काम केलेला माणूस मार्कोच्या कागदांना भुलला, यावरून खंड टाकाऊ ठरत नाहीत. पण तेही अमेरिकेनं देश नुकताच ताब्यात घेतला असताना निवडलेले, भाषांतरित केलेले कागद आहेत. सोळावं-सतरावं शतक भरभरून, एकोणिसावं अगदी तोकडं. पुष्कळ ठिकाणी मूळ मजकुराऐवजी सारांश दिलाय. वाटाड्या म्हणून वापर. स्पेनमधल्या सेव्हिलच्या आर्काइव्हो खेनेराल दे इंदियास या दप्तरखान्यातले बरेच कागद स्पॅनिश सरकारच्या ‘पारेस’ संकेतस्थळावर पाहता येतात. मेक्सिकोही विसरू नकोस. १८२१ पर्यंत मनिलाचा कारभार तिकडूनच चालायचा. १९४५ च्या लढाईत मनिला जळली आणि तिच्याबरोबर कागदांचे ढीग गेले, त्यामुळे बाहेर पांगलेलं जे आहे त्याची किंमत आणखी वाढली.

स्पॅनिशला पर्याय नाही. इंग्रजीवर भागवीन असं तू लिहिलंयस, ते मला पटलेलं नाही. छापील स्पॅनिश वर्षभरात येईल. हस्तलिखितांतली ‘प्रोसेसाल’ लिपी मात्र घाम काढेल. लेखणी न उचलता शब्दाला शब्द जोडत जाणारी. तू मोडी शिकलायस, म्हणून तुझा हात आणि डोळा इतरांपेक्षा लवकर बसेल.

विषय काय घेऊ, असं विचारलंस. सेव्हिलला जायचे पैसे नाहीत ना? मग चेन्नईची गाडी पकड. १७६२ मध्ये इंग्रजांनी मनिला घेतली ती मद्रासहून निघालेल्या आरमारानं, आणि त्या फौजेत आपले शिपाईही होते. १७६४ पर्यंत शहर त्यांच्याकडे होतं. तिथल्या कारभाराची दप्तरं मद्रासला आली. ‘मनिला कन्सल्टेशन्स’ नावानं त्यांचे खंड तिथल्या सरकारनं १९४० च्या दशकात छापलेही आहेत. मनिलाजवळच्या काइन्ता गावात हे शिपाई मागं राहिले, त्यांचे वंशज अजून आहेत, ही गोष्ट तिकडं सगळे सांगतात. दप्तरात पळून गेलेल्या, न परतलेल्या शिपायांच्या नोंदी किती आणि कशा आहेत, हे शांतपणे बसून काढ. गोष्टीला दुजोरा मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी प्रबंध होतोच. फक्त एक ध्यानात असू दे: ही दप्तरं लंडनच्या धन्यांना जाब द्यायला लिहिलेली आहेत. शिपायाचं बोलणं त्यात आलंच तर त्याच्यावर खटला चालला तेव्हा, तेही दुभाष्याच्या तोंडून.

तोवर ब्लेअर-रॉबर्टसनचा ३३ वा खंड उघडून पिगाफेत्ताचा मक्तानचा भाग वाच. प्रत्येक वाक्यासमोर खूण कर: हे त्यानं पाहिलं, हे ऐकलं, हे त्याला वाटलं. ते पान मला पाठव, आणि स्पॅनिशच्या वर्गाचं काय ठरलं तेही त्याच पत्रात कळव.

कळावे.