विरजण, घार आणि सात मिनिटांचं मनन

चि. लेकीस,

प्रभूच्या नावात सलाम.

चर्चच्या तरुण संघात पुढच्या महिन्यात मनन, म्हणजे बायबलच्या वचनावर थोडं बोलणं, तुझ्याकडे आहे आणि विषय दिलाय ‘रोजच्या जगण्यातून विश्वासाचे धडे’, हे वाचून बरं वाटलं. धडे शोधायचे कसे, असं तू विचारलं आहेस. माझं उत्तर जरा आडवं वाटेल. आधी धडा शोधायला जाऊ नकोस, वस्तू बघ. ती कशी चालते, कशानं बिघडते, हे पक्कं कळलं की वचन बहुतेक वेळा आपसूक आठवतं. धडा आधी ठरवून त्याला साजेशी वस्तू ओढून आणली की मागच्या बाकावरची एखादी आजी मनात म्हणते, “हिनं कधी दही लावलेलं दिसत नाही.”

दह्याचंच घे. अर्धा लिटर दूध उकळून कोमट होऊ द्यायचं. बोट घातलं तर चटका बसू नये, पण ऊब लागावी, इतकं. मग चमचाभर ताजं दही घालून एकदा ढवळायचं, झाकायचं आणि हात लावायचा नाही. उन्हाळ्यात पाच-सहा तास पुरतात. थंडीत रात्रभर लागते, म्हणून बायका भांडं फडक्यात गुंडाळतात किंवा पिठाच्या डब्यात ठेवतात. बिघडायच्या वाटाही ठरलेल्या आहेत. दूध फार गरम असलं तर विरजणातले जिवाणू मरतात. गार असलं तर ते कामाला लागत नाहीत आणि सकाळी दूध तसंच. विरजण जास्त पडलं की आंबट. लागत असताना भांडं हलवलं, तर दही मोडून पाणी सुटतं. विरजणच जुनं आणि आंबट असेल, तर पुढचं दहीही तसंच.

एवढं माहीत झालं की एका वाटीतून निदान तीन मननं निघतात. लागत असताना हात लावायचा नाही, यावरून मार्क 4:26-29 आठवतं. तिथला शेतकरी बी टाकतो, झोपतो, उठतो आणि पीक कसं वाढलं ते त्याचं त्यालाही कळत नाही. चमचाभरानं सगळं भांडं बदलतं, यावरून मत्तय 13:33 मधलं खमीर, म्हणजे पीठ फुगवणारं आंबवण, जे एक बाई तीन मापं पिठात मिसळते. त्या दाखल्यातली तीन मापं म्हणजे सुमारे 39 लिटर, वीस किलोंच्या वर पीठ. शंभरावर माणसं जेवतील एवढ्या भाकरी. सारेलाही अब्राहामानं पाहुण्यांसाठी तीनच मापं पीठ मळायला सांगितलं होतं (उत्पत्ती 18:6). हा आकडा सांगितलास तर ऐकणाऱ्यांना त्या बाईचं पीठ डोळ्यांसमोर दिसेल, नाहीतर ‘थोडंसं खमीर’ एवढ्यावरच सगळे मान डोलावतील.

तिसरं मला सगळ्यांत आवडतं. विरजण दुकानातून आणायची वस्तू नव्हे. ते कालच्या दह्यातून येतं, नाहीतर शेजारून वाटीभर मागून आणतात. आता 2 तीमथ्य 1:5 वाच. प्रेषित पौल तीमथ्याला म्हणतो, तुझ्यातला विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता. पण इथे थांबायला हवं. दुधात विरजण घातलं की दही आपोआप लागतं, आजीचा विश्वास नातवाला तसा लागत नाही. गंमत अशी की पौल पुढच्याच ओवीत, म्हणजे सहाव्या वचनात, चित्रच बदलतो. देवाचं कृपादान प्रज्वलित कर, म्हणतो. विरजण संपलं, आता राखेखालचा निखारा फुंकायचा आहे. वस्तूचं साम्य जिथे संपतं तिथे ते संपलं असं मोकळेपणानं सांगितलंस, तर मनन कमजोर होत नाही. उलट तुझ्या संघातल्या, आईबापांच्या विश्वासावर चर्चला येणाऱ्या पोरांना तिथेच खरं काहीतरी लागेल.

या तिन्हींतलं एकच घे. तिन्ही घेतलीस तर सात मिनिटं पंधरा होतील आणि घरी जाताना कुणाला काही आठवणार नाही.

खमिराबद्दल एक सावधगिरी. बायबलमध्ये ते नेहमी चांगल्या अर्थानं येत नाही. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातल्या सुटकेच्या सणाच्या, वेळी घरातलं खमीर काढून टाकायचं होतं (निर्गम 12), येशूनं परूश्यांच्या, म्हणजे नियमशास्त्र कडक पाळणाऱ्या पंथाच्या, खमिरापासून जपायला सांगितलं (मत्तय 16:6) आणि करिंथच्या मंडळीला पौलानं जुनं खमीर काढून टाका असं लिहिलं. म्हणून एका वचनावरून वस्तूला कायमचा अर्थ चिकटवू नकोस. बायबलची शब्दसूची उघडून ती वस्तू आणखी कुठे येते ते आधी बघ. उतारा दोन भाषांतरांत वाच. पंडिता रमाबाईंनी केडगावात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी मिळालं तर तेही काढ. साध्या वाचकाला समजावं हाच त्यांचा हेतू होता, त्यामुळे चूल-शेताच्या जागा तिथे वेगळ्या उजळतात.

आता गरुडाची गोष्ट. व्हॉट्सॲपवर तुलाही आली असेलच: चाळिशीला गरुड डोंगरावर जातो, चोच खडकावर आपटून मोडतो, नखं उपटतो आणि नवा होऊन आणखी तीस वर्षं जगतो. ही किती व्यासपीठांवरून सांगितली जाते! ती खोटी आहे. चोचीच्या आत हाड असतं, रक्तवाहिन्या असतात. चोच मोडलेला शिकारी पक्षी उपाशी मरेल. गरुडाचा उल्लेख असलेल्या स्तोत्र 103:5 किंवा यशया 40:31 मध्ये असं काही लिहिलेलंही नाही. खोटी गोष्ट सांगून खऱ्या वचनाला आधार द्यायला जाशील, तर दहावीत जीवशास्त्र शिकणारा मुलगा वचनावरही शंका घेईल आणि त्यात त्याची चूक नसेल.

त्यापेक्षा घार बघ. सकाळी लवकर ती खांबावर, नाहीतर वडाच्या शेंड्यावर बसलेली असते. ऊन तापायला लागतं, जमिनीवरची हवा गरम होऊन वर चढते, तेव्हा ती निघते. दोन-चारदा पंख मारते आणि मग नुसते पसरून त्या झोतावर गोल गोल वर जाते. गरुडही असाच चढतो. यशया 40:31 मध्ये पंख येतात ते परमेश्वराची वाट पाहणाऱ्यांना. झोत पक्ष्याला निर्माण करता येत नाही, त्याला तो ओळखावा लागतो आणि तोवर बसून राहावं लागतं. चोच मोडण्यापेक्षा ही गोष्ट साधी आहे, पण कुणीही छतावर जाऊन तपासू शकतं.

येशूच्या देवराज्याच्या दाखल्यातल्या मोहरीचंही तसंच. तिचा वटवृक्ष करू नकोस. येशूच्या भागातली काळी मोहरी फार तर दोन-तीन मीटर वाढते आणि एका हंगामात वाळते. यहेज्केल 17 मध्ये देव उंच डोंगरावर गंधसरू लावतो. तो दाखला ऐकणाऱ्यांना ठाऊक होता, तरी येशूनं परसातलं झुडूप निवडलं. विचार त्यावर कर.

सगळ्यांत जास्त चुका होतात त्या माणसांच्या दुःखावरून धडा काढताना. “बस चुकली, त्या बसला अपघात झाला, देवानं मला वाचवलं.” साक्ष म्हणून मनापासून आलेली असते, मान्य. पण त्या बसमध्ये कुणाचा तरी भाऊ होता आणि त्याची बहीण कदाचित तिसऱ्या बाकावर बसली आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा ती जास्त पापी होती का, असं विचारून येशूनंच ‘नाही’ म्हटलं (लूक 13:4-5) आणि बोट ऐकणाऱ्यांकडे वळवलं. जन्मांधाबद्दल ‘पाप कुणाचं?’ असं शिष्यांनी विचारलं, तेव्हाही तयार उत्तर त्यानं झिडकारलं (योहान 9). आजार, पूर, अपघात, कुणाचं मूल न होणं: यांना उदाहरण म्हणून हात लावू नकोस. आभार मानायचे असतील तर आपल्यापुरते मान आणि जे वाचले नाहीत त्यांच्या घरच्यांसाठी त्याच प्रार्थनेत माग.

तयारीचं सांगतो. शंभर पानी वही घे. डाव्या पानावर फक्त पाहिलेलं लिही: काय, कधी, किती, कशानं बिघडलं. देवाचं नाव डाव्या पानावर येऊ द्यायचं नाही. उजवं पान निदान दोन दिवस कोरं ठेव, मग वचन लिही. आठवड्यात पाच नोंदी झाल्या तर एखादीच उपयोगी पडेल, ते पुष्कळ झालं. उजवं पान कोरंच राहिलं तर राहू दे. लोकलमधल्या प्रत्येक धक्क्याचा अर्थ लागलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही.

सात मिनिटांची वाटणी अशी कर: वस्तूला दोन, वचनाला तीन, साम्य कुठे तुटतं त्याला एक, प्रार्थनेला एक. वचन मोठ्यानं, सावकाश वाच. वस्तू हातात घे, पण फिरवायला देऊ नकोस, कारण ती ज्याच्या हातात जाते त्याचं कान देणं बंद होतं. आणि दही नेणार असशील तर झाकण घट्ट लाव.

संडे स्कूलच्या लहान वर्गात हेच वापरायचं झालं तर सात-आठ वर्षांखालच्यांना ‘हे दही म्हणजे विश्वास’ असं सांगू नकोस. ती मुलं शब्दशः घेतात आणि घरी जाऊन विश्वास खायला मागतात. त्यांना दही चाखायला दे, लोईस आजीची गोष्ट सांग, जोडायचं काम पुढे त्यांचं ती करतील.

विषय ठरला की वचन आणि तो एकच मुद्दा, दोन ओळींत, गुरुवारपर्यंत लिहून पाठव. दोन ओळींत बसत नसेल तर अजून दोन मननं एकात कोंबली आहेत असं समज आणि एक काढून पुढच्या पाळीसाठी ठेव.

तुझा,
काका