ऑपरेशननंतरचं दुखणं आणि ओपिऑइडच्या गोळ्या: वाचकांचे प्रश्न

(अमेरिकेतल्या वाचकांकडून या वेळी वेदनाशामक औषधांबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतली चार निवडली आहेत. ओपिऑइड म्हणजे अफूच्या जातीची जोरदार वेदनाशामकं. ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन, ट्रामाडॉल ही त्यांतलीच.)

प्रश्न : सासूबाईंची गुडघेबदलाची शस्त्रक्रिया झाली. घरी सोडताना ऑक्सिकोडोन-अॅसिटॅमिनोफेन ५/३२५ दिलं आहे, ‘गरज पडल्यास दर सहा तासांनी एक’. शिवाय टायलेनॉल ५०० च्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा घ्यायला सांगितल्या आहेत. त्या ऑक्सिकोडोनला हात लावायला तयार नाहीत. ‘व्यसन लागेल’ म्हणतात. न दिलेलंच बरं का?

उत्तर : आधी तुमच्या यादीतला एक घोळ सोडवू. ५/३२५ मधला ३२५ हा आकडा अॅसिटॅमिनोफेनचा आहे, म्हणजे भारतात ज्याला आपण पॅरासिटामॉल म्हणतो त्याचा. टायलेनॉल म्हणजेही तेच. अशा चार गोळ्यांतून १३०० मिलिग्रॅम आणि टायलेनॉलच्या सहा गोळ्यांतून ३००० मिलिग्रॅम पोटात जातं. बेरीज ४३००. धडधाकट माणसासाठीसुद्धा दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे आणि वय झालेल्यांना, लिव्हरचा त्रास असलेल्यांना डॉक्टर बहुधा ३००० च्या आतच ठेवतात. भारतातून आणलेलं क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लाम, सर्दीसाठीचं नायक्विल यांतही हेच औषध असतं. सर्जनच्या ऑफिसला आजच फोन करा आणि नुसतं ऑक्सिकोडोन ५ मिलिग्रॅम वेगळं लिहून देता येईल का, ते विचारा. तसं मिळालं तर टायलेनॉल ठरल्या वेळी चालू ठेवता येतं आणि ऑक्सिकोडोन लागेल तेव्हाच देऊन लवकर बंद करता येतं. दोन्ही एकाच गोळीत असली की ही सोय राहत नाही.

आता भीतीबद्दल. ती निराधार नाही. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन (ऑक्सिकोडोनचीच जास्त वेळ चालणारी गोळी) बाजारात आलं, त्यानंतर या गोळ्या साध्या कंबरदुखीलाही महिनोन्‌महिने लिहून दिल्या गेल्या आणि त्याची किंमत या देशाने मोजली. पण आज बातम्यांत दिसणारे बहुतेक मृत्यू चोरट्या बाजारातल्या फेंटॅनिल या अतिशय जहाल ओपिऑइडमुळे होतात. शस्त्रक्रियेनंतर थोडे दिवस, कमीत कमी डोसमध्ये घेतलेली गोळी ही वेगळी गोष्ट. दुखतं म्हणून सासूबाई गुडघा वाकवायच्याच थांबल्या तर सांधा आखडतो, आणि तो पुढे मोकळा करणं फार जड जातं. दुखणं शून्यावर आणायचं नसतं. बाथरूमपर्यंत चालता यावं, व्यायाम करता यावा, झोप लागावी, इतपत ते खाली आलं की पुरे.

गोळी फिजिओथेरपीच्या साधारण पाऊण तास आधी द्या, म्हणजे तिचा जोर व्यायामाच्या वेळी मिळतो. टायलेनॉल घड्याळ लावून, बर्फाचा शेक कापडातून १५-२० मिनिटं, आणि पाय उंच ठेवणं हा पाया. आयबुप्रोफेन मात्र मनाने देऊ नका. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर रक्त पातळ करणारं औषध चालू असतं, आणि दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. किडनी कमजोर असेल तर आणखी एक कारण.

बद्धकोष्ठतेची वाट बघू नका. ओपिऑइडने आतड्यांची हालचालच मंदावते आणि इतर त्रासांची शरीराला सवय होते, तशी याची होत नाही. पहिल्या गोळीपासून सेना (सोनामुखी) किंवा पॉलिएथिलिन ग्लायकॉल हे पोट साफ करणारं औषध चालू करा. इसबगोलाचा हट्ट इथे नको. आतडी सुस्त आणि पाणी कमी, अशा वेळी तो आतच गोळा होऊन बसतो.

झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या (अल्प्राझोलॅम, लोराझेपॅम, झोल्पिडेम) चालू असतील तर सर्जनला स्पष्ट सांगा. ओपिऑइड आणि बेन्झोडायझेपिन (अल्प्राझोलॅम, लोराझेपॅमच्या गटातली औषधं) एकत्र घेतल्यावर श्वास मंदावतो, म्हणूनच २०१६ पासून दोन्हींच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा आहे. दारूचा घोटही नको. झोपेत घोरून श्वास अडकत असेल तर सीपॅप मशीन दुपारच्या डुलकीलाही लावा.

प्रश्न : मुलाच्या (वय १७) अक्कलदाढा काढायच्या आहेत. डेंटिस्टने आधीच हायड्रोकोडोन लिहून दिलं आहे. घेऊन ठेवू का?

उत्तर : बहुधा लागणार नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०२४ च्या मार्गदर्शनातही पहिली पसंती आयबुप्रोफेनसारख्या औषधाला आहे, एकटं किंवा अॅसिटॅमिनोफेनच्या जोडीने. दाढेचं दुखणं मुख्यतः सुजेचं असतं. आयबुप्रोफेन सुजेवर काम करतं, हायड्रोकोडोन करत नाही. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि अॅसिटॅमिनोफेन ५०० मिलिग्रॅम एकत्र, दर सहा-आठ तासांनी, काहीतरी खाऊन. दम्याचा, अल्सरचा किंवा किडनीचा त्रास नसेल तरच. डॉक्टरांनी जास्त सांगितलं नसेल तर आयबुप्रोफेन दिवसाला १२०० च्या वर, म्हणजे अशा तीन डोसांच्या वर नेऊ नका. पहिला डोस भूल उतरायच्या आत पोटात गेला पाहिजे. इथेच बहुतेक घरांत चुकतं. मुलगा कळवळायला लागला की गोळी शोधली जाते आणि मग ती लागू पडायला तासभर जातो.

तरी हायड्रोकोडोन हवंच असेल तर फार्मसीत ‘पार्शल फिल’ मागा. राज्याच्या नियमांची आडकाठी नसेल तर २० ऐवजी ४-५ गोळ्याच घेता येतात, आणि उरलेल्या लागल्याच तर ३० दिवसांत उचलता येतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, कानापर्यंत ठणका गेला, तोंडाला घाण वास येऊ लागला तर खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेली असावी. त्याला गोळ्या वाढवून उपयोग नाही. डेंटिस्टकडे जाऊन खड्डा धुऊन औषध भरून घ्यावं लागतं.

प्रश्न : वडील कंबरदुखीसाठी तीन-चार वर्षं ट्रामाडॉल ५० दिवसातून तीनदा घेतात. सहा महिन्यांसाठी इकडे आलेत, गोळ्या संपत आल्या. बंद करून टाकाव्यात का? की ऑनलाइन मागवाव्यात?

उत्तर : दोन्ही नको. एकदम बंद केल्यास घाम, जुलाब, अंग मोडून येणं, बेचैनी, झोप उडणं हे होतंच. ट्रामाडॉल मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावरही काम करतं, त्यामुळे काहींना भास होतात, मनाचा तोल जातो. वर्षाहून जास्त काळ गोळी चालू असेल तर महिन्याला साधारण १० टक्के किंवा त्याहून सावकाश उतरावं, असं सीडीसी या अमेरिकी आरोग्य संस्थेचं २०२२ चं मार्गदर्शन सांगतं. १५० चे १० टक्के म्हणजे १५ मिलिग्रॅम, आणि ५० ची गोळी तोडून ते साधत नाही. इथे ट्रामाडॉलचं पातळ औषधही मिळतं, १ मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम. डॉक्टरांनी ते लिहून दिलं तर ३ मिलिलिटरचा हिशेब सोपा होतो. एसआर (औषध हळूहळू सोडणारी) गोळी असेल तर ती तोडू किंवा चुरडू नका. बारा-चोवीस तासांचा डोस एकदम रक्तात उतरतो.

ट्रामाडॉल इथे २०१४ पासून नियंत्रित औषध आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही. गोळ्या संपायच्या दोन आठवडे आधी जुनी चिठ्ठी घेऊन डॉक्टरांची वेळ घ्या. चिठ्ठी न मागणाऱ्या वेबसाइटवरची गोळी हुबेहूब खरी दिसते आणि आत फेंटॅनिल निघू शकतं. वडिलांना सर्ट्रालीनसारखं नैराश्याचं औषध चालू असेल किंवा पूर्वी कधी आकडी आली असेल, तर डॉक्टरांना तेच आधी सांगा.

प्रश्न : घरात नालोक्सोन ठेवावं का? आणि उरलेल्या गोळ्यांचं काय?

उत्तर : नालोक्सोन हे ओपिऑइडचा असर उतरवणारं औषध. ओपिऑइड घरात आहे तोवर ठेवा. ४ मिलिग्रॅमचा नाकातला स्प्रे २०२३ पासून चिठ्ठीशिवाय मिळतो. माणूस हलवूनही उठत नाही, श्वास अगदी संथ किंवा घरघरणारा, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, असं दिसलं की ९११ लावा आणि स्प्रे द्या. उताणं झोपवून मान मागे करा, नळी एका नाकपुडीत पूर्ण घाला आणि दट्ट्या दाबा. आधी हवेत उडवून बघू नका, त्यात एकच डोस असतो. श्वास थांबला असेल आणि तुम्हाला कृत्रिम श्वास देता येत असेल तर तोंडाने द्या. दोन-तीन मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा स्प्रे दुसऱ्या नाकपुडीत. शुद्ध आली तरी रुग्णवाहिका परत पाठवू नका. नालोक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, गोळीचा मात्र टिकून राहू शकतो. ओपिऑइड घेतलेलंच नसेल तर स्प्रेने अपाय होत नाही, म्हणून शंका असेल तरी द्या.

उरलेल्या गोळ्या ‘पुन्हा कधीतरी’ म्हणून ठेवू नका. बऱ्याच फार्मसींत आणि पोलिस ठाण्यांत परतीची पेटी असते. ती जवळ नसेल तर ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन आणि फेंटॅनिलचे पॅच एफडीए या औषध नियामक संस्थेच्या यादीप्रमाणे टॉयलेटमध्ये फ्लश करता येतात. पॅच आधी चिकट बाजू आत घेऊन दुमडा, कारण वापरलेल्या पॅचमध्येही लहान मुलाचा जीव जाईल इतकं औषध उरलेलं असतं. तोवर गोळ्या मोजून कुलपात ठेवा आणि बाटलीवर शिल्लक आकडा लिहा.