जुनी पत्रं वाचायला आवडतात, पण सांभाळायला जमतील?

प्रश्न : मी इतिहासाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला शिकते आहे. खासगी पत्रं, रोजनिशा, आठवणींची हस्तलिखितं वाचण्याचं मला वेड आहे. अभिलेखागारात नेमकं काय काम असतं? तयारी कशी करू?

उत्तर : वाचनाची ओढ हवीच, पण या कामात वाचन कमी आणि लावणं, नोंदणं, राखणं जास्त. एका घरातून पंधरा खोकी आली की आधी पाहायचं ते हे, की कागद कुणी जमवले आणि कोणत्या क्रमानं ठेवले होते. तो क्रम मोडायचा नाही. नवशिके हमखास इथेच चुकतात आणि सगळी पत्रं तारखेवार लावून टाकतात. मग मालकानं वाटणीच्या भांडणाची म्हणून वेगळी बांधून ठेवलेली वीस पत्रं इतर शेकड्यांत विखुरतात आणि त्यांचा एकमेकांशी संबंध होता हे पुन्हा कुणालाच कळत नाही.

रोजनिशीच्या पानात एखादं पत्र खोचलेलं असेल, तर ते कुठल्या तारखेच्या पानात होतं हे काढण्याआधी लिहून घे. पाकिटं कधीही टाकू नकोस. पत्रावर नुसतंच ‘गुरुवार, रात्र’ असतं आणि साल सापडतं ते पोस्टाच्या शिक्क्यावर. अंदाजानं ठरवलेली तारीख चौकटी कंसात लिहायची. आणखी एक लक्षात ठेव : माणसाच्या संग्रहात बहुतेक त्याला आलेली पत्रं असतात, त्यानं लिहिलेली दुसऱ्यांच्या घरी असतात. त्यामुळे एका बाजूचाच संवाद हाती आहे हे नोंदीत स्पष्ट लिहावं लागतं.

नोंदीसाठी ‘आयसॅड-जी’ हे आंतरराष्ट्रीय मानक शिकून घे. त्यात 26 घटक आहेत, पण संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता, तारखा, व्याप्ती (किती कागद, किती खोकी) आणि वर्णनाचा स्तर (नोंद अख्ख्या संग्रहाची, एका गठ्ठ्याची की एकाच पत्राची) हे 6 चुकवून चालत नाही.

कागदाची जाण इथं फार मोलाची. मायफळ आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांच्या शाईनं लिहिलेलं पत्र उजेडाकडे धरलं, तर अक्षरांभोवती तपकिरी वलय दिसतं. शाई दाट पडली तिथं कागद चिरून अक्षराचा पोटभाग गळालेला असतो. शाईतलं आम्ल आणि लोह कागदाचे तंतू खातात. असा कागद सरळ करायला ओलसर केला, तर लोह आजूबाजूला पसरतं आणि नुकसान वाढतं. तो संवर्धकाकडेच, म्हणजे जुने कागद दुरुस्त करून टिकवणाऱ्या तज्ज्ञाकडेच द्यायचा. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. गंजक्या टाचण्या हलक्या हातानं काढायच्या, वर्तमानपत्राची कात्रणं वेगळ्या आम्लमुक्त फोल्डरमध्ये ठेवायची, खुणा फक्त मऊ पेन्सिलीनं करायच्या. हातमोज्यांनी बोटांची जाणीव जाते आणि कडा फाटतात, म्हणून कागदाला स्वच्छ, कोरडे हातच बरे (फोटोंना मात्र हातमोजे हवेत). भिजलेले कागद 48 तासांत सुकवता येणार नसतील तर गोठवतात, नाहीतर बुरशी धरते.

हक्कांचा भाग विद्यार्थी कंटाळून सोडतात, तसं करू नकोस. पत्राचा कागद मिळालेल्या माणसाचा असतो, पण मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा. रोजनिशीत हयात माणसांची आजारपणं, कर्जं असतात. म्हणून काय कधी खुलं करायचं हे दात्याशी लेखी ठरवतात.

पदवीनंतर अभिलेखशास्त्राचा पदविका किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रम कर आणि सोबत एखादी जुनी लिपी शिक. संवर्धनाकडे ओढ असेल तर रसायनशास्त्र लागेल, ती वाट वेगळी. कायम जागा थोड्या असतात, सुरुवातीला ठरावीक मुदतीच्या प्रकल्पांवर काम करावं लागतं, हे घरच्यांना आत्ताच सांग.

अर्ज करण्याआधी एक महिना हे करून पाहा : ओळखीच्या घरातली शंभर पत्रं घे, क्रम न हलवता प्रत्येकाला क्रमांक दे आणि लिहिणारा, मिळणारा, तारीख, ठिकाण, पानं यांचा तक्ता कर. दहा पत्रांची नक्कलही कर, शुद्धलेखन न सुधारता. न लागलेल्या शब्दाच्या जागी अंदाज लिहू नकोस, कंसात [अवाच्य] लिही. साठाव्या पत्राच्या आसपास तुझ्या नोंदी त्रोटक होऊ लागल्या का, ते तपास.