ओळखीचा माणूस भेटला तर?

दारू सोडू इच्छिणारा माणूस सहायता गटाच्या सभेला जायचे टाळतो, तेव्हा त्यामागे बहुधा एकच प्रश्न असतो: तिथे ओळखीचे कोणी भेटले तर? सांगलीत हा प्रश्न फार टोचतो, कारण इथे गावभागातून विश्रामबागेपर्यंत जाताना दहा जण तरी हाक मारतात.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेले एक गृहस्थ मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. बारा-तेरा वर्षे ते रोज पीत होते. एकदा देवापुढे शपथ घेऊन त्यांनी घरीच एकदम दारू बंद केली. तिसऱ्या रात्री हात थरथरू लागले आणि अंगणात नसलेली माणसे दिसू लागली. त्यांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, तातडीने दवाखान्यात नेले म्हणून निभावले. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक दारू थांबवली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. म्हणून हा टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पार पाडावा, हे मी प्रत्येक कुटुंबाला आधी सांगते. सहायता गट या उपचाराला पर्याय नाही. पण दवाखान्यातून घरी आल्यावर संध्याकाळचे सात वाजतात आणि पाय सवयीने जुन्या वाटेला वळू लागतात, तेव्हा गटाची खरी गरज भासते.

मी त्यांना अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए.ए.च्या सभेला जाण्यास सुचवले, तेव्हा त्यांनी दिवाणजीला साजेसाच प्रश्न विचारला, "मॅडम, तिथं नाव कुठल्या वहीत लिहितात?" कोणत्याही वहीत लिहीत नाहीत, असे मी सांगितले. ही चळवळ 1935 मध्ये अमेरिकेतील ॲक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, असे दोन मद्यपाशी, म्हणजे दारूच्या पाशात अडकलेले, एकमेकांशी बोलू लागले तिथून सुरू झाली. तिथे फी नाही, बाहेरच्यांकडून देणगी नाही, आणि सभासद होण्यासाठी दारू थांबवण्याच्या इच्छेखेरीज दुसरी अट नाही. ओळखीचे कोणी भेटलेच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असेल, असेही मी म्हणाले. ते उत्तर मी अनेकांना देत आले होते. पण दिवाणजी गेले नाहीत.

पुढच्या भेटीत मी समजूत घालणे थांबवून नीट ऐकले, तेव्हा कळले की त्यांना लाजेपेक्षा भाकरीची काळजी होती. सौद्याच्या दिवसांत शेतकऱ्यांची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, त्यांच्या हातून होई, रोकड त्यांच्या ताब्यात असे. 'दिवाणजी बेवडा आहे' हे मालकाच्या कानावर गेले तर नोकरी जाईल, ही ती भीती होती. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते. वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "ह्यांना पिताना अख्ख्या यार्डानं बघितलंय. सोडताना कुणी बघितलं तर काय बिघडणार हाय?" ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी मान खाली घातली नाही, हे माझ्या लक्षात आले.

गुप्तता ही गटाची परंपरा आहे. माणसे ती मनापासून पाळतात, पण शंभर टक्के हमी मी देऊ शकत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. मग आम्ही मार्ग काढला. पहिली सभा सांगलीऐवजी मिरजेची निवडली. आधी फोन करून ती खुली सभा आहे ना, हे विचारून घेतले, कारण बंद सभेत फक्त मद्यपाशीच बसतात, खुल्या सभेला घरच्यांनाही जाता येते. मागच्या रांगेत बसा, बोलण्याची सक्ती नसते, पटले नाही तर दुसरा गट बघू, एवढेच ठरले.

आणि तिथे ओळखीचा माणूस भेटलाच. यार्डातला एक हमाल, ज्याची हमाली हेच दिवाणजी वर्षानुवर्षे चुकती करीत होते, चार वर्षांपासून दारूविना होता आणि त्या दिवशी चहा वाटत होता. "या दिवाणजी, चहा घ्या," एवढेच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी यार्डात त्याने नेहमीसारखी पोती उचलली, नेहमीसारखा रामराम केला, आणि सभेचा शब्दही काढला नाही. माझ्या सगळ्या समजुतीने जे झाले नव्हते, ते त्या रामरामाने झाले.

पुढचे सगळे सरळ झाले नाही. फेब्रुवारीत नव्या हळदीचे सौदे सुरू झाले आणि एका संध्याकाळी व्यापाऱ्यांच्या बैठकीत त्यांचा पाय घसरला. पूर्वी त्यांनी ते महिनाभर लपवले असते. या वेळी त्याच रात्री हमालाला फोन केला. गटात नवा माणूस एखाद्या जुन्या सभासदाला आपला मार्गदर्शक, म्हणजे स्पॉन्सर, करून घेतो. दिवाणजींनी त्यालाच विचारले. हिशेबाच्या गादीवर बसणाऱ्याने पोती वाहणाऱ्याला तसे विचारणे किती अवघड असते, ते यार्ड पाहिलेल्यालाच कळेल. वहिनीही कुटुंबीयांसाठी असलेल्या अल-ॲनॉनच्या सभांना जाऊ लागल्या, आणि नवऱ्याचे खिसे तपासणे त्यांनी हळूहळू थांबवले.

त्या पावसाळ्यात दिवाणजींचा मला फोन आला. पावसात स्कूटरवरून मिरजेला जाणे जिकिरीचे होते, तेव्हा सांगलीत घराजवळ कोणत्या वारी सभा असते, हे त्यांना हवे होते.