वाळूवर काय वाचावं?

प्रश्न : मे महिन्यात आठवडाभर शिरोड्याला जातोय. सोबत बारा वर्षांचा मुलगा. पुस्तकं सुचवा. – एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : तुम्ही जयवंत दळवींचं ‘सारे प्रवासी घडीचे’ न्या. त्यांचं आरवली शिरोड्याला लागूनच आहे. खांडेकर १९२० पासून शिरोड्यातच मास्तर होते, पण भर उन्हात ते मला जड जातात; पावसाळ्यात बघू. मुलाला प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ द्या. त्यातल्या लंपन या मुलाचं कानडीमिश्रित मराठी आपल्या घरातलंच. पोरगं लंपनसारखं उठताबसता ‘मॅड’ म्हणायला लागलं, तर दुकानात येऊन भांडू नका!

आणि हो, चांगली प्रत घरीच ठेवा. गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुस्तकाच्या शिवणीत वाळू शिरली. पान उलटलं की अजून करकरते.