'द स्मिथ्स' हा ऐंशीच्या दशकातला मँचेस्टरचा रॉक बँड ऐन भरात असताना फुटला कसा? भांडण गायक मॉरिसी आणि गिटारवादक जॉनी मार यांच्या स्वभावांचं होतं की पैशाचं?

तुम्ही प्रश्नात दोन पर्याय दिलेत आणि खाली लिहिलंय की तुमच्या मित्राच्या मते सगळा दोष मॉरिसीच्या तऱ्हेवाईकपणाचा. मॉरिसी तऱ्हेवाईक आहेच, त्याबद्दल त्याचे चाहतेही वाद घालत नाहीत. पण तेवढ्याने बँड फुटत असते तर जगात एकही बँड उरला नसता. मी पेशाने सीए आहे, भागीदारी फर्म मोडताना जवळून बघतो, त्यामुळे माझं उत्तर त्या अंगाने जाणार हे आधीच सांगतो. माझ्या मते स्मिथ्स फुटला तो व्यवस्थापक नसल्यामुळे. आणि फुटल्यानंतर चौघं कोर्टात गेले ते भागीदारीचा कागद नसल्यामुळे.

सुरुवात अगदी साधी आहे. १९८२ साली मँचेस्टरमध्ये कपड्यांच्या दुकानात काम करणारा १८ वर्षांचा जॉनी मार एका ओळखीच्या मुलाला घेऊन स्ट्रेटफर्ड भागातल्या किंग्ज रोडवर गेला आणि स्टीव्हन मॉरिसीचं दार ठोठावलं. मॉरिसी २३ वर्षांचा, बेकार, दिवसभर खोलीत बसून वाचणारा, लिहिणारा. एकाकडे चाली, दुसऱ्याकडे शब्द. ड्रम्सवर माइक जॉयस आला, बास गिटारवर मारचा शाळेतला दोस्त अँडी रूर्क. १९८३ मध्ये मार आणि रूर्क टेप घेऊन लंडनला गेले आणि रफ ट्रेड कंपनीच्या जेफ ट्रॅव्हिसच्या हातात ती दिली. पुढे करार झाला. त्या करारावर सह्या दोनच होत्या, मॉरिसीची आणि मारची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रफ ट्रेडबद्दल एक शब्द. नॉटिंग हिलमधल्या रेकॉर्डच्या दुकानातून वाढलेली ही कंपनी. तत्त्वाला पक्की, पैशाला बेताची. स्मिथ्ससारखं गिऱ्हाईक तिला आधी मिळालंच नव्हतं. नोव्हेंबर १९८३ मध्ये बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या संगीताच्या कार्यक्रमात मॉरिसी हातात ग्लॅडिओलाय फुलांचा गुच्छ फिरवत आला आणि रातोरात ब्रिटनभर नाव झालं. फेब्रुवारी १९८४ मध्ये पहिला अल्बम ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर. त्याआधी तो एकदा पूर्ण रेकॉर्ड करून टाकून दिला होता आणि दुसऱ्या निर्मात्याकडून पुन्हा केला होता, म्हणजे धांदल पहिल्या दिवसापासून. वर्षभराने दुसऱ्या अल्बमने ब्रूस स्प्रिंगस्टीनला हटवून पहिला क्रमांक पटकावला. एका छोट्या स्वतंत्र कंपनीसाठी ही फार मोठी झेप होती.

पण कंपनीची दृष्टी कुठे कमी पडायची त्याचा एक नमुना सांगतो. 'हाऊ सून इज नाऊ' हे गाणं तुम्ही ऐकलंच असेल. त्यातली गिटार जी पाण्यावरच्या लाटेसारखी थरथरते, ती कशी केली माहीत आहे? मार आणि निर्माता जॉन पोर्टर यांनी फेंडरचे चार अँप्लिफायर घेतले. प्रत्येकाचा कंप गाण्याच्या लयीशी जुळायला हवा होता आणि तो आपोआप जुळत नव्हता. मग दोघं दोन-दोन अँप्लिफायरपुढे बसले आणि हाताने बटणं फिरवत राहिले. लय सुटली की थांबायचं, मागे जायचं, पुन्हा सुरू. अशा जेमतेम दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांतून ती गिटार उभी राहिली. आणि हे गाणं आधी बाहेर आलं कसं? दुसऱ्याच एका सिंगलच्या (म्हणजे एका मुख्य गाण्यासाठी काढलेल्या रेकॉर्डच्या) मागच्या बाजूला, १९८४ मध्ये. स्वतंत्र सिंगल म्हणून काढलं १९८५ च्या जानेवारीत, तोवर चाहत्यांच्या घरात ते आधीच पोचलेलं.

आता मुख्य मुद्दा. सुरुवातीला त्यांना एक भला माणूस लाभला होता, जो मॉस. कपड्यांचा व्यापारी. सरावाला जागा दिली, ध्वनियंत्रणेला पैसे दिले, मुलांना खाऊ-पिऊ घातलं. तो १९८३ च्या अखेरीस बाजूला झाला आणि त्यानंतर शेवटपर्यंत त्या जागी कुणी टिकलं नाही. लोक आले आणि गेले. मॉरिसीला आज पटलेला माणूस उद्या पटत नसे आणि 'नको' हे स्वतः सांगायला तो जात नसे. मग सांगायचं कुणी? मारने. व्हॅन भाड्याने कुणी घ्यायची? मारने. बिलं थकली म्हणून फोन आला तर घ्यायचा कुणी? त्यानेच. चाली बांधायच्या, रेकॉर्डिंग बघायचं, आणि वर हे. विशी-बाविशीचं पोरगं हो ते! ज्या फर्ममध्ये धंदा आणणारा भागीदारच चहावाल्यापासून आयकरापर्यंत सगळं बघतो, ती फर्म फार दिवस तग धरत नाही, हे मी डोळे मिटून सांगेन.

१९८५ च्या शेवटी याचा कळस झाला. तिसरा अल्बम, 'द क्वीन इज डेड', तयार होता. बँडला रफ ट्रेड सोडून बड्या कंपनीकडे जायचं होतं. रफ ट्रेडने कोर्टातून मनाई हुकूम आणला आणि अल्बम अडकला. तेव्हा मारने काय करावं? भर हिवाळ्यात, बर्फ पडत असताना, आपल्या गिटार-तंत्रज्ञाला बरोबर घेऊन तो रात्री मँचेस्टरहून निघाला, थेट सरे परगण्यातल्या स्टुडिओत. हेतू एकच, स्वतःच्याच अल्बमच्या टेपा उचलून आणायच्या! पहाटे पोचले, आणि स्टुडिओच्या मालकाने शांतपणे सांगितलं की पैसे चुकते झालेले नाहीत, टेपा मिळणार नाहीत. गेले तसे परत. अल्बम बाहेर यायला जून १९८६ उजाडला. एखादा बरा वकील आणि एखादा खमका व्यवस्थापक असता तर ही वेळ आली असती का, तुम्हीच सांगा.

त्याच सुमारास रूर्कचं हेरॉईनचं व्यसन उघड झालं. त्याला काढलं, पंधरवड्यात परत घेतलं. त्याच्या जागी आणलेला क्रेग गॅनन दुसरा गिटारवादक म्हणून राहिला आणि काही महिन्यांनी तोही गेला. १९८६ च्या उन्हाळ्यातला अमेरिकेचा दौरा गर्दीच्या हिशेबाने जोरात होता, पण माणसं पार पिळून निघाली. मार जेवणापेक्षा दारूवर जगत होता. फ्लोरिडात रूर्कला समुद्रात पाकट माशाने नांगी मारली आणि उरलेले कार्यक्रम रद्द झाले. (माशाचं निमित्त. त्यांना थांबायचंच होतं असं मला वाटतं.) नोव्हेंबरमध्ये मारच्या गाडीला अपघात झाला. त्यामुळे पुढे ढकललेला वर्णभेदविरोधी मदतीचा कार्यक्रम १२ डिसेंबरला लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीत झाला. ब्रिटनमध्ये त्यांना त्यानंतर कुणीच प्रत्यक्ष वाजवताना बघितलं नाही.

१९८७ मध्ये केन फ्रीडमन नावाचा अमेरिकन व्यवस्थापक आला. मारला हायसं वाटलं, मॉरिसीचं लवकरच बिनसलं. ठरलेल्या व्हिडिओच्या शूटिंगला तो फिरकलाच नाही. गंमत म्हणजे चौथ्या अल्बमचं रेकॉर्डिंग मात्र बाथजवळच्या स्टुडिओत मजेत झालं, सगळे तसंच सांगतात. म्हणजे संगीत आटलं नव्हतं. मे महिन्यात लंडनमधल्या एका मासे-चिप्सच्या हॉटेलात मारने सांगितलं की मला सुट्टी हवी, थोडं वेगळं काही करू दे. उत्तर काय मिळालं? आधी सिंगलच्या मागच्या बाजूसाठी गाणी हवीत. मग लंडनच्या स्ट्रेटम भागात एका छोट्या स्टुडिओत मॉरिसीच्या आग्रहाखातर साठीच्या दशकातलं सिला ब्लॅक या गायिकेचं एक गाणं रेकॉर्ड झालं. मार नंतर म्हणाला की सिला ब्लॅकची गाणी वाजवायला मी बँड काढला नव्हता. ते रेकॉर्डिंग ऐका म्हणजे त्याचं म्हणणं पटेल.

तो लॉस एंजेलिसला निघून गेला. इकडे जुलैच्या शेवटी 'एनएमई' या संगीत-साप्ताहिकात बातमी आली, स्मिथ्स फुटणार. त्यातल्या बऱ्याच गोष्टी चुकीच्या होत्या, आणि ही पुडी बँडच्याच गोटातून सुटली असा मारचा समज झाला. मॉरिसीने फोन केला नाही, मारनेही केला नाही. मारने फोन केला तो 'एनएमई'ला आणि सांगितलं, हो, मी बाहेर पडलोय. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. चौथा अल्बम सप्टेंबरमध्ये आला तेव्हा बँड उरलाच नव्हता. ज्या ईएमआय कंपनीशी करार करून ठेवला होता, तिच्यासाठी एक गाणंही झालं नाही.

इथवर आपसातल्या पैशाचा प्रश्न आला नाही, कारण फूट पैशावरून पडली नाही. पैशाचं नंतर.

१९८९ मध्ये जॉयस आणि रूर्क यांनी दावा लावला. रेकॉर्ड आणि कार्यक्रमांच्या नफ्याची वाटणी मॉरिसी ४० टक्के, मार ४० टक्के, बाकी दोघे १०-१० अशी होत होती. (गीत-संगीताचे हक्क वेगळे. ते त्या दोघांचेच आणि त्यावर वादच नव्हता.) रूर्कवर कर्ज होतं. त्याने ८३ हजार पौंड आणि पुढचे १० टक्के घेऊन तडजोड केली. जॉयस अडून बसला. मॉरिसी आणि मार यांचं म्हणणं, आम्ही १९८३ मध्येच यांना सांगितलं होतं. जॉयसचं म्हणणं, मी असं काही कबूल केलं नव्हतं. लेखी? काहीच नाही.

इंग्लंडचा १८९० चा भागीदारी कायदा सांगतो, वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफा सगळ्यांना समान. आपल्याकडे १९३२ च्या कायद्याच्या कलम १३ मध्ये हेच आहे, सीएच्या विद्यार्थ्याला ते झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. वेगळं ठरलं होतं हे सिद्ध करायची जबाबदारी वेगळं सांगणाऱ्यावर. डिसेंबर १९९६ मध्ये न्यायाधीश जॉन वीक्स यांनी जॉयसला २५ टक्के दिले, म्हणजे मागची थकबाकी धरून सुमारे १० लाख पौंड. निकालात त्यांनी मॉरिसीला लबाड, आडमुठा आणि स्वतःचा स्वार्थ असेल तिथे बेभरवशाचा म्हटलं. मॉरिसीने अपील केलं, १९९८ मध्ये तेही फेटाळलं गेलं. अपिलात एक मुद्दा असा होता की जॉयसला पाठवलेल्या हिशेबात ४०-४०-१०-१० दिसत होतं आणि तो गप्प बसला. कोर्ट म्हणालं, गप्प बसणं म्हणजे कबुली नव्हे. माझ्या कितीतरी अशिलांना हा एक मुद्दा समजावताना माझा घसा बसलाय.

कायद्याचं सोडा, निव्वळ कानाने ऐकलं तरी १० टक्के मला पटत नाहीत. दुसऱ्या अल्बममधलं 'बार्बरिझम बिगिन्स ॲट होम' लावा आणि फक्त रूर्कच्या बासकडे लक्ष द्या. जवळजवळ सात मिनिटं गाणं तोच खांद्यावर वाहतोय.

तर तुमच्या मित्राला सांगा, मॉरिसीचा स्वभाव खरा, पण तो स्वभाव मारच्या अंगावर थेट आला कारण मध्ये कुणी नव्हतं. २००८ मध्ये दोघं मँचेस्टरच्या एका पबमध्ये भेटले, पुन्हा एकत्र यायचं बोलणंही झालं, असं मारने आत्मचरित्रात लिहिलंय. काही दिवसांनी निरोप येणं थांबलं. मे २०२३ मध्ये रूर्क कर्करोगाने गेला, त्यामुळे आता चौघांचा प्रश्न उरला नाही.

भांडण मात्र अजून कागदावरच चालू आहे. २०१८ मध्ये तिसऱ्याच कुणीतरी 'द स्मिथ्स' हे नाव वापरायला बघितलं, तेव्हा कळलं की नावाचा ट्रेडमार्क बँडकडे नाहीच. मारने तो स्वतःच्या नावावर करून घेतला. त्यावरून २०२४ मध्ये मॉरिसीने जाहीर तक्रार केली. मारच्या बाजूने उत्तर आलं की संयुक्त मालकीच्या कागदावर त्याने जानेवारीतच सही केलीय, मॉरिसीची सही व्हायची बाकी आहे.