ससा आजारी तर नाही ना?

नागपूरच्या प्रतापनगर भागात राहणाऱ्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या त्या झोप लागत नाही ही तक्रार घेऊन. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बोलण्यातून कळले, की मुलीच्या हट्टापायी घरात ससा आला होता आणि तेव्हापासून तो जिवंत आहे ना हे पाहण्यासाठी त्या रात्री दोन-तीनदा उठत होत्या. सासूबाईंनी "काहून येवढी घाबरून राह्यली, ससाच तं हाये" म्हणून विषय संपवला होता, तर शेजारणीने "ससे घरात टिकत नाहीत" असे सांगून भीतीत भर घातली होती. "त्याला काही झाले आणि मला कळलेच नाही तर?" हा त्यांचा प्रश्न पहिल्यांदा ससा पाळणाऱ्या बहुतेकांचा असतो.

त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यात सशाच्या लेंड्यांची छायाचित्रे तारीखवार साठवलेली होती आणि एका नोंदीत "मिनिटाला पन्नास श्वास!" असे उद्गारचिन्हासह लिहिले होते. विश्रांती घेणाऱ्या सशाचा श्वास मिनिटाला साधारण 30 ते 60 वेळा चालतो. त्या स्वतःच्या श्वासाशी तुलना करून घाबरल्या होत्या. ससा उघड्या डोळ्यांनी झोपतो, मध्येच धपकन कुशीवर कोसळतो आणि काही मऊ लेंड्या गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो, या सगळ्याची त्यांनी धास्ती घेतली होती. प्रत्यक्षात ससे अनेकदा डोळे उघडे ठेवूनच झोपतात, धपकन आडवे होणे हे निर्धास्तपणाचे लक्षण आहे आणि मऊ लेंड्या खाणे हा त्यांच्या पचनाचा आवश्यक भाग आहे. मूत्र कधीकधी तांबूस दिसते, तेही बहुतेक वेळा चाऱ्यातील रंगद्रव्यांमुळे.

एवढे सांगून "आता काळजी सोडा" असे मी म्हटले नाही. ससा हा शिकार होणारा प्राणी असल्याने दुखणे लपवणे त्याच्या स्वभावातच आहे. तान्हे बाळ रडून घर डोक्यावर घेते, ससा मात्र कोपऱ्यात गप्प बसतो. त्याला ओकारी करता येत नाही, त्याचे आतडे सतत हलते राहावे लागते, आणि दहा-बारा तास खाणे किंवा लेंड्या बंद झाल्या तर जिवावर बेतू शकते. म्हणजे त्यांच्या काळजीला आधार होता. बिघडली होती ती लक्ष ठेवण्याची पद्धत.

रात्री उठून त्या सशाला उचलून घेत, पोट चाचपत आणि कान हुंगत. बहुतेक सशांना उचललेले आवडत नाही, आणि सुटण्यासाठी मागचे पाय जोरात झाडताना त्याच्याच पाठीचा कणा मोडू शकतो. साहजिकच तो त्यांना पाहताच दिवाणाखाली पळू लागला, त्या लपण्याचा अर्थ त्यांनी "आजारी आहे" असा लावला आणि तपासण्या आणखी वाढल्या. चिंतेत हे चक्र मी वारंवार पाहते: खात्री करून घेतली की घटकाभर बरे वाटते, पण त्या बरे वाटण्याचीच सवय लागते आणि पुढची शंका आधीपेक्षा लवकर येते.

आम्ही तपासणी बंद केली नाही, तिला वेळ ठरवून दिली. सकाळी कोथिंबीर किंवा मेथीची जुडी पुढे करायची आणि तो धावत येतो का, नेहमीसारखा खातो का हे पाहायचे. संध्याकाळी ट्रे साफ करताना लेंड्यांची संख्या आणि आकार नेहमीसारखा आहे का हे पाहायचे. फ्रिजवर एक कागद लावला. तोंड उघडून श्वास, एकाएकी गळून पडणे किंवा दहा-बारा तासांचा उपास असेल तर रात्र असो की दिवस, तातडीने पशुवैद्य; यापलीकडची शंका वहीत लिहून सकाळपर्यंत थांबवायची. सशांचा अनुभव असलेला पशुवैद्य शहरात कोण आणि रात्री कोणाला फोन करता येईल, हे प्रसंग येण्याआधीच शोधून ठेवण्याचे काम यजमानांकडे दिले. घरातले औषध स्वतःच्या मनाने देऊ नये, हेही कागदावर लिहिले, कारण अमॉक्सिसिलिनसारखी तोंडावाटे दिलेली काही प्रतिजैविके सशाला मारक ठरतात.

आहाराच्या बाबतीत मात्र काळजी कमी पडली होती. ससा गाजरावर आणि पोळीच्या तुकड्यांवर वाढत होता. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजायला, तसेच आतडे हलते राहायला, आहाराचा मोठा भाग वाळलेले गवत असावे लागते. गाजर गोड असल्याने क्वचितच द्यावे आणि पोळी नकोच. हा बदलही एकदम न करता हळूहळू करायचा.

नागपूरचा उन्हाळा हा वेगळा विषय. पारा 45 अंशांकडे जातो, आणि सशाला तिशीच्या आसपासच त्रास सुरू होतो, कारण घामाने अंग थंड करण्याची सोय त्याच्याकडे नाही. उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मुख्य मार्ग कान हा आहे. गॅलरीतला पिंजरा आतल्या खोलीत आला, कूलरचा झोत थेट अंगावर न येईल अशी जागा ठरली, आणि दुपारी कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली व शहाबादी फरशीचा तुकडा त्याच्याजवळ ठेवू लागले. पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलरचा फारसा उपयोग होत नाही, तेव्हा पंखा आणि मोकळी हवा पाहावी लागते.

झोप हळूहळू सुधारली, तरी मे महिन्यात त्या रात्री एकदा उठून खोलीतला गारवा पाहतात आणि ससा दूरूनच बघून परत येतात. ते थांबवावे असे मी सुचवलेले नाही. आता मुलगी दुसऱ्या सशासाठी मागे लागली आहे. सशाला सोबत मानवते हे खरे, पण नसबंदी आणि हळूहळू ओळख करून दिल्याशिवाय दोघांना एकत्र ठेवू नये, एवढे मी त्यांना सांगितले आहे.